बदली गोलकीपर

पहिली पाळी माझी होती आणि मी मेलेल्या माणसाचं नाव घेतलं.

"रूबेन उजागरे," मी म्हणालो. "गोलकीपर. हॅरिस ब्रिज हॉकी क्लब."

तांबोळी मंडप डेकोरेटर्सच्या गोदामात आम्ही तिघं नवरानवरीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. लाल मखमल, सोनेरी रंगाचे हात, हातांच्या टोकाला सिंह. धंदा शकीलच्या घरचा. दर वर्षी हॉकीचा मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही इथंच जमायचो, कारण अख्ख्या खडकी बाजारात फुकट आणि इतकं आरामात बसता येईल अशी दुसरी जागा नव्हती. खुर्च्या चार मांडलेल्या होत्या. शकीलने त्या सवयीने मांडल्या, मग लक्षात आल्यावर चौथी उचलायला गेला आणि जड आहे म्हणून राहू दिली. निदान कारण त्याने ते दिलं. तो लग्नसराईत तसल्या खुर्च्या एका हाताने टेम्पोत टाकायचा.

"काय म्हणालास?" शकील म्हणाला.

"रूबेन. माझी पहिली उचल."

प्राचीने चहाचा कप सिंहाच्या डोक्यावर ठेवला. "निऱ्या, तुला बरं आहे ना?"

आमच्या खेळाचं नाव कागदी हॉकी. आमच्या भागातल्या लीगमध्ये जे क्लब खरे खेळायचे, त्यांतले सात-सात खेळाडू आम्ही मोसमाआधी आळीपाळीने उचलायचो. मग तुमच्या खेळाडूने मैदानावर गोल मारला की तुम्हाला गुण, त्याला पिवळं कार्ड मिळालं की तुमचे गुण वजा. आपण खुर्चीत बसून राहायचं आणि दुसऱ्याच्या घामावर जिंकायचं, असा हा सुसंस्कृत प्रकार होता.

खेळाडू पारखायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. प्राची लोणकर फिजिओथेरपिस्ट, ती फक्त गुडघे बघायची. सरावाच्या वेळी ती मैदानाकडेला जवळजवळ आडवी होऊन बसायची आणि म्हणायची, "सात नंबरचा डावा गुडघा जानेवारी बघत नाही." शकील लग्नं बघायचा. कोणाचं ठरलंय, कोणाचं मोडलंय, हे त्याला मंडपाच्या बुकिंगवरून कळायचं. त्याचं म्हणणं, लग्न ठरलेला फॉरवर्ड साखरपुड्यापर्यंत सुसाट सुटतो आणि नंतर पास देताना विचार करायला लागतो. मोडलेला मात्र अख्खा मोसम सोनं.

माझी पद्धत एकच होती. मी दर वर्षी पहिल्या पाळीला रूबेनला घ्यायचो आणि दर वर्षी शेवटचा यायचो.

गोलकीपर शेवटी घ्यायचा असतो, हे कागदी हॉकीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रूबेन स्वतः आमच्यातला चौथा होता, चौथ्या खुर्चीवरचा, आणि स्वतःला उचलायचं नाही असा नियम असल्यामुळे तो समोर बसून माझ्यावर वैतागायचा. "पहिला मला घेतोस? मूर्ख आहेस का? मी स्वतः मला पाचव्या पाळीपर्यंत घेतला नसता." तोंडात कायम बडीशेप. बोलायचा तेव्हा समोरच्यालाही जेवण झाल्यासारखं वाटायचं.

खेळायला तो बरा होता. एक खोट होती, आणि ती अख्ख्या लीगला माहीत होती. पेनल्टी स्ट्रोकला, म्हणजे मारणारा एकटा, समोर गोलकीपर एकटा, अशा वेळी रूबेन चेंडू सुटायच्या आधीच डावीकडे पडायचा. लांबलचक, सुंदर, फोटो काढावा असा पडायचा. चेंडू उजवीकडून आत. मग त्याचे वडील, उजागरे काका, बाकावरून उठून ओरडायचे, "थांब, बघ, मग जा." आणि रूबेन अंगावरची माती झटकत म्हणायचा, "उजवीकडे गेलो असतो तर लोकांची सवय मोडली असती, पप्पा."

त्या पावसाळ्याच्या शेवटी तो डेंग्यूने गेला. ज्याच्या अंगावर दर शनिवारी तोफेच्या गोळ्यांसारखे चेंडू यायचे त्याला एका डासाने नेला.

"क्लबच्या यादीत नाव असेल तरच चालतं," शकील चौथ्या खुर्चीकडे न बघता म्हणाला. "नियम आहे."

"असेल तर?"

"निऱ्या, नसणार यार."

"नसेल तर मला शून्य. मी तसाही शेवटचाच येतो."

प्राचीने सिंहाच्या डोक्यावरचा कप परत उचलला. मग म्हणाली, "लिहा त्याला रूबेन. माझी पाळी." आणि तिने एक उत्तम गुडघ्यांचा हाफबॅक उचलला. शकीलने अविनाश डोंगरदिवेला घेतला. पट्टीचा फॉरवर्ड, दोनच आठवड्यांपूर्वी लग्न मोडलेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हॅरिस ब्रिजचा सराव बघायला मैदानावर गेलो. उजागरे काका क्लबचे सेक्रेटरी, मॅनेजर, कोच आणि मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारे, सगळं एकच. दारुगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. खडकीत ज्याने म्हणून हातात स्टिक धरली त्याला ती कशी धरायची हे त्यांनीच शिकवलेलं. मुलगा गेल्यावर ते येतील की नाही याची मैदानावर चर्चा चालू होती, तेवढ्यात त्यांची स्कूटर फाटकातून आत आली.

मागे कोणीतरी बसलेलं होतं.

स्कूटर जवळ आली तेव्हा कळलं. मागच्या सीटवर रूबेनचं किट होतं. छातीचं गार्ड उभं करून पट्ट्याने काकांच्या कमरेला बांधलेलं, त्यावर हेल्मेट, दोन्ही बाजूंना पॅड असे लटकवलेले की पाय वाटावेत. बोपोडीपासून खडकीपर्यंत तीन सिग्नल लागतात. एकाही ट्रॅफिक हवालदाराने त्यांना अडवलं नव्हतं. अडवायचं कशाला, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं.

काकांनी किट उतरवून बाकाशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडलं. पॅड पुढे, छाती वर, ग्लोव्ह मांडीवर, हेल्मेट सगळ्यांत वर, तोंड मैदानाकडे. हेल्मेट सरळ आहे का ते चार पावलं मागे जाऊन बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"काय निरंजन, झाली का तुमची उचल?"

"झाली काका."

"रूबेनला कोणी घेतला?"

मैदानावर चेंडूचा टकटक आवाज चालू होता. मी म्हणालो, "मी घेतला काका. पहिला."

"पहिला?" काकांनी मान हलवली. "मूर्ख आहेस का? गोलकीपर शेवटी घ्यायचा असतो." पण तोंड उजळलेलं होतं. खिशातून पेन काढून ते टेबलाकडे गेले आणि क्लबच्या नोंदणीच्या फॉर्मवर, गोलकीपरच्या रकान्यात, मुलाचं नाव लिहिलं.

क्लबला दोनच गोलकीपर नोंदवता येत. एक कुणाल भिंगारदिवे, विशीतला, कुरियर पोचवायचं काम करणारा. दुसरा रूबेन. कुणाल खेळणारा, रूबेन बदली.

पहिला सामना हॅरिस ब्रिज तीन-एक हरले. कुणालने तीन गोल खाल्ले. बदली गोलकीपर रूबेन उजागरे याने एकही खाल्ला नाही. आणि आमच्या कागदी हॉकीत नियमच होता की सामन्याच्या पत्रकात नाव असलेल्या आणि गोल न खाल्लेल्या गोलकीपरला वीस गुण. हा नियम रूबेननेच आणलेला. एका वर्षी खांदा दुखावल्यामुळे तो बाकावर होता आणि माझ्या गुणांचं त्याला वाईट वाटत होतं. "बाकावर बसून मी एकही गोल खाल्लेला नाही, ही काही लहान गोष्ट नाही," असं त्याने इतक्या गंभीरपणे मांडलं की आम्ही हसत हसत मंजूर केलं. तो नियम काढून टाकायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"वीस," शकील म्हणाला. "डोंगरदिवेने दोन गोल मारले, मला वीस. याचा मेलेला माणूस खुर्चीत बसला, याला वीस."

"मेल्यावर फॉर्म सुधारला त्याचा," मी म्हणालो.

प्राची हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला आणि हात बराच वेळ काढला नाही.

असे सामने होत गेले. हॅरिस ब्रिज हरत होते आणि मी जिंकत होतो. दर शनिवारी स्कूटर यायची, मागे तो बसलेला. खुर्ची मांडली जायची. अंपायर शितोळे शिटी वाजवण्याआधी पत्रक घेऊन यायचे, नावं मोठ्याने वाचायचे, खेळाडू हात वर करायचे. "उजागरे आर." म्हटलं की काका म्हणायचे, "हजर." शितोळे खुर्चीकडे बघायचे, कागदावर बरोबरची खूण करायचे आणि पुढे जायचे. शितोळेंना शाळेत असताना पहिली स्टिक काकांनीच दिलेली होती. शिवाय नियमात एवढंच होतं की बदली गोलकीपर पूर्ण किट घालून बाकावर पाहिजे. किट पूर्ण होतं.

प्रतिस्पर्ध्यांपैकीही कोणी तक्रार केली नाही. उलट दापोडीचा एक फुलबॅक सामना संपल्यावर सगळ्यांशी हात मिळवत आला आणि खुर्चीपाशी पोचल्यावर त्याने तो ग्लोव्हही हातात घेऊन हलवला. तो चेष्टा करत नव्हता. ओळीत पुढचा तोच होता, एवढंच.

सामना संपला की काका मला गाठायचे. "आज किती केले रे?"

"वीस, काका."

"एकूण?"

मी एकूण सांगायचो. ते मान डोलवायचे, किट बांधायचे आणि स्कूटरला किक मारण्याआधी मागे वळून पट्टा ओढून बघायचे.

अंधार पडायच्या सुमाराला तो आकार फाटकाबाहेर जायचा आणि रस्त्याच्या खड्ड्यावर हेल्मेटची मान हलायची. कोणीतरी काहीतरी म्हणाल्यासारखी.

प्राचीने मला तिच्या क्लिनिकमध्ये बोलावलं तेव्हा कुणाल टेबलावर पालथा होता. मांडीवर हिरवंनिळं उठलेलं, वांग्याच्या भरतासारखं.

"हे बघ," ती म्हणाली. "याचे पॅड बघितलेस? सायकलच्या ट्यूबने बांधतो. आतला फोम कधीच गेलाय. उजव्या ग्लोव्हला भोक आहे. आणि बाजूला नव्यासारखं किट खुर्चीत बसून मॅच बघतं."

"मला चालतंय," कुणाल उशीत तोंड खुपसून म्हणाला. "काका मला बूट घेऊन देतो म्हणाले. पण ते किट मला नको. एकदा पाणी प्यायला बाकाकडे गेलो तर मला वाटलं ते माझ्याकडे बघतंय. पॅड चुकीचा बांधलाय असं सांगेल आता, असं वाटलं."

"तू गप्प पड," प्राची त्याला म्हणाली आणि मला बाहेर घेऊन आली. "निऱ्या, त्याला सोड."

"कुणाला?"

"रूबेनला. मोसमाच्या मध्ये एक खेळाडू सोडून दुसरा घेता येतो ना? सोड. तू त्याला धरून ठेवलायस म्हणून काका त्याला यादीत ठेवतात. तू सोडलास की नाव काढतील, किट या पोराला मिळेल. नाहीतर एक दिवस याचं काहीतरी मोडेल."

"माझी पहिली उचल आहे ती."

"तू का घेतलास त्याला? खरं सांग."

"माझी पाळी आली तेव्हा मला दुसरं नावच आठवेना," मी म्हणालो. "खरंच. चार वर्षं पहिल्या पाळीला तोंडातून एकच नाव निघतंय. दुसरं कसं म्हणायचं हेच कळेना."

प्राचीने माझ्या खांद्यावर थोपटलं. मग म्हणाली, "उद्या काकांकडे जा."

मी गेलो. काकांच्या गॅलरीत किट उन्हाला ठेवलेलं होतं. शेजारच्या बाईंनी वाळत घातलेल्या कुरडया आणि मध्ये पॅड. काका जुन्या टूथब्रशने हेल्मेटची जाळी घासत होते. भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली रूबेनचा फोटो, हार घातलेला. तोही डावीकडे पडतानाचाच. घरात तेवढाच चांगला फोटो निघाला म्हणे.

"काका, एक बोलायचं होतं."

"बोल की. आधी सांग, एकूण किती?"

"एकशे साठ."

"पहिला कोण आहे तुमच्यात?"

"मीच काका."

"म्हणजे हा," काका हेल्मेटकडे बघून म्हणाले. "एकशे साठ. दहावीला अशी मेहनत घेतली असती तर पॉलिटेक्निकला लागला असता." त्यांनी जाळीतून फुंकर मारली. "पण आहे, आता सुधारलाय. गोल खात नाही. काय बोलायचं होतं?"

मी म्हणालो, "चहा असेल तर थोडा घेतो."

शेवटच्या सामन्याच्या दिवशी हॅरिस ब्रिजला जिंकूनही काही मिळणार नव्हतं आणि हरून काही जाणार नव्हतं. समोर अविनाश डोंगरदिवेचा संघ. आमच्या कागदावर मात्र मी आणि शकील अगदी खेटून होतो. रूबेनने आज गोल खाल्ला नाही तर मी पहिला. आणि तो तर कधी खातच नव्हता. शकील म्हणाला, "मी हरलोच आहे यार. भुताबरोबर कोण जिंकलंय?"

सामना संपायला थोडाच वेळ उरलेला, स्कोअर चार-शून्य. डोंगरदिवेने गोलसमोरच्या डीमध्ये शिरून असा काही चेंडू हाणला की तो दिसला नाही, फक्त आवाज आला. चेंडू कुणालच्या ग्लोव्हवर आदळून गोलरेषेवर घुटमळला आणि घाबरलेल्या फुलबॅकने तो पायाने, म्हणजे नियम मोडून, बाहेर ढकलला. शितोळेंची शिटी. पेनल्टी स्ट्रोक.

कुणाल उठला नाही. ग्लोव्ह त्याच भोकापाशी फाटला होता. प्राची धावत गेली, तिने तो काढला. बोट भलत्याच दिशेला बघत होतं.

"हा आता खेळणार नाही," ती म्हणाली. हे तिने काकांकडे बघून म्हटलं, मोठ्याने.

कुणालला बाहेर आणलं. शितोळे बाकापाशी आले. खिशातून पत्रक काढलं. त्यांना नाव पाठ होतं, तरी त्यांनी ते बोट ठेवून वाचलं.

"बदली गोलकीपर. उजागरे आर."

सगळे खुर्चीकडे बघायला लागले. दोन्ही संघ, कडेला उभे असलेले रिक्षावाले, भेळवाला. हेल्मेट जरासं पुढे झुकलं. वारा होता. मी तेव्हाही म्हणालो, वारा होता.

शितोळेंनी घसा खाकरला. "सर, नियमाने गोलकीपरशिवायही खेळता येतं. साधा खेळाडू उभा करा गोलात. एकच तर स्ट्रोक आहे. स्कोअर चार-शून्य आहे. कोणाला काय फरक पडतो?"

"गोलकीपर आहे," काका म्हणाले.

"सर."

"आहे ना. नाव आहे, किट आहे. तू स्वतः दर वेळी खूण केली आहेस, शितोळे." त्यांनी छातीचं गार्ड उचललं आणि थेट माझ्यासमोर आणून धरलं. "आत कोणीतरी लागेल, एवढंच. पहिला तूच घेतलास ना? घाल."

मी आयुष्यात हॉकीची स्टिक फक्त गाडीखालचं मांजर हुसकायला धरली होती. हे मी सांगणार होतो. पण काकांनी गार्ड सोडूनही दिलं, आणि ते खाली पडू नये म्हणून मी धरलं, आणि धरल्यावर ते अंगात गेलं. काकांनी गुडघ्यावर बसून पॅड बांधले. एक एक पट्टा, खालून वर. चुकत नव्हते. मग हेल्मेट घातलं आणि वरून दोनदा थापटलं.

आत बडीशेपेचा वास होता. इतके महिने उन्हात ठेवून, टूथब्रशने घासून, तो वास तसाच होता.

गोलाकडे जाताना शकील माझ्याबरोबर चालत आला. कानाच्या जाळीपाशी तोंड नेऊन म्हणाला, "ऐक. डोंगरदिवे तुझ्या उजवीकडे मारणार. कायम तिकडंच मारतो, रूबेनमुळे सवय लागलीय त्याला. डोळे मीट आणि उजवीकडे पड."

"तू हरशील मग."

"हरू दे ना यार," शकील म्हणाला. "काकांकडे बघ एकदा."

मी बघितलं नाही. पुढे गोल होता, माझ्या कल्पनेपेक्षा बराच रुंद. मी रेषेवर उभा राहिलो. उजवीकडे, मी मनात म्हणालो. उजवा पाय, उजवा हात, उजवीकडे. शितोळे जवळ येऊन जाळीतून आत बघायला लागले. आमची नजरानजर झाली. त्यांना निरंजन ढमढेरे दिसत होता, यात शंका नाही.

"रूबेन ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"पाय रेषेवर. शिटीनंतरच." त्यांनी कागदावर खूण केली.

डोंगरदिवे समोर उभा राहिला. तोही मला बघत होता, पण चेहऱ्याकडे नाही, पॅडकडे. घाबरलेला होता. लग्न मोडलं तेव्हाही इतका घाबरलेला नसेल. उजवीकडे, मी म्हणत होतो. मी सगळं वजन उजव्या पायावर आणून ठेवलं होतं. शिटी वाजली.

मी जमिनीवर होतो. लांबलचक, आडवा, एक हात डोक्यापलीकडे ताणलेला. गाल डाव्या खांबाला टेकला होता. मागे, पार दुसऱ्या टोकाला, चेंडू लाकडी फळीवर आपटला.

डोंगरदिवेने हातही वर केला नाही.

आणि मग बाकावरून आवाज आला, सगळा मोसम जो कोणी ऐकला नव्हता तो.

"थांब. बघ. मग जा. किती वर्षं सांगतोय. किती वर्षं."

काका मैदानावर शिरले होते. नियमात बसत नाही, पण शितोळे बाजूला झाले. काका सरळ चालत गोलात आले आणि माझ्यावर वाकले. चेहरा लाल झालेला. "का पडतोस रे असा आधीच? समोरचा मारेपर्यंत दम निघत नाही? लहानपणापासून तेच. आईच्या पोटातूनही आधीच आलास. सगळीकडे आधीच जायची घाई. का?"

ते थांबले. उत्तराची वाट बघत होते. मला उत्तर माहीत होतं, अख्ख्या खडकीला माहीत होतं.

"उजवीकडे गेलो असतो तर," मी जाळीतून म्हणालो, "लोकांची सवय मोडली असती, पप्पा."

काका हसले. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता ते गोलरेषेवर खाली बसले, पाय पसरून, आणि हसणं कधी संपलं ते आम्हा कोणालाच कळलं नाही, कारण खांदे तसेच हलत होते. शितोळेंनी पाठ फिरवली आणि घड्याळ बघत उभे राहिले. प्राची कुणालचा हात धरून होती, तिनेही तो सोडला नाही.

बऱ्याच वेळाने काकांनी माझ्या हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढलं. माझ्याकडे बघितलं. ओळखीचं दार वाजवावं आणि भलत्याच माणसाने उघडावं, तसं.

"निरंजन," ते म्हणाले. "घामाघूम झालास की रे."

सामना पाच-शून्यने संपला. काकांनी पत्रकावर सही केली. पाचव्या गोलापुढे गोलकीपरचं नाव लिहावं लागतं, ते त्यांनी लिहिलं, उजागरे आर., पेन न थांबवता. मग किट उचलून कुणालच्या मांडीवर ठेवलं. "बोट बरं झालं की घाल. डावा पॅड जरा आतून बांधायचा, नाहीतर फिरतो. आणि स्ट्रोकला काय करायचं?"

"थांबायचं, बघायचं, मग जायचं," कुणाल म्हणाला.

"हा शिकेल," काका मला म्हणाले.

कागदी हॉकी शकील जिंकला. पुढच्या उचलीला त्याने तीन खुर्च्या मांडल्या आणि मी पहिल्या पाळीला एका सेंटर फॉरवर्डचं नाव घेतलं. बऱ्याच उशिरा, पण घेतलं.

त्या शेवटच्या सामन्यानंतर दापोडीला घरी सोडायला काकांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. किट नव्हतं, जागा मोकळी होती. हॅरिस ब्रिजवर वारा लागला तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "निरंजन, एक विचारू? डावीकडे का पडलास?"

"तो तसाच पडायचा ना काका. म्हणून मुद्दाम."

"मला वाटलंच," काका म्हणाले. "बरं केलंस बाळा. फार बरं केलंस." आणि पूल उतरताना सवयीने हात मागे नेऊन, मी नीट बसलोय की नाही, चाचपून बघितलं.

हे मी प्राचीलाही असंच सांगितलं, शकीललाही. सगळ्यांना ते आवडलं. अजूनही कोणी विषय काढला की मी तेच सांगतो.

मी उजवीकडे निघालो होतो.